एका बाप्तिस्म्याची छायाचित्रे

छायाचित्रणाचा नाद आम्हांस विद्यार्थिदशेपासूनचा. वर्गात इंग्रजी काव्य शिकवून उरलेला वेळ आम्ही भिंगे पुसण्यात घालवतो, असे घरची मंडळी म्हणतात, आणि ते अगदीच खोटे नाही. म्हणून दादरला राहणाऱ्या एका ख्रिस्ती स्नेह्यांनी नातवाच्या बाप्तिस्म्याची चित्रे काढाल का, असे विचारताच आम्ही विचार न करता होकार देऊन टाकला.

'पोर्तुगीज चर्च' हे नाव आम्हां दादरकरांच्या तोंडी बसच्या थांब्याचे म्हणूनच अधिक. फ्रान्सिस्कन पंथीयांनी १५९६ साली येथे पहिले मंदिर बांधले. आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांच्या योजनेप्रमाणे १९७०च्या दशकात उभी राहिली. कवचासारखी काँक्रीटची छपरे आणि मधूनमधून उघडे चौक! पाहणाऱ्याचे मन शांत होते, छायाचित्रकाराचे मात्र होत नाही. चौकात ऊन रखरखते आणि चार पावले आत गेले की सावली. म्हणून आदल्या दिवशी त्याच वेळेस जाऊन उजेड पाहून यावा, हे बरे. आम्ही गेलो होतो. फादरांचीही गाठ घेतली. दिवा चमकवू नये आणि वेदीच्या पायरीवर चढू नये, एवढ्या दोन अटी त्यांनी हसतमुखाने घातल्या.

आमच्याकडचे बारसे निराळे. तेथे पाळण्याभोवती बायकांची गर्दी, गाणी, बाळाच्या कानात 'कुर्र', आणि छायाचित्रकार ओरडतो, "आत्याबाई, पुन्हा एकदा!" आत्याबाई हौसेने पुन्हा करतात. बाप्तिस्म्यात हे चालावयाचे नाही. तो मनुष्यास आयुष्यात एकदाच मिळतो. पुढे तो माणूस प्रॉटेस्टंटाचा कॅथलिक झाला, तरी पाण्याने व त्रैक्याच्या नावाने झालेला पहिला बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. तेव्हा पाणी पुन्हा ओता, असे फादरांना सांगण्याची सोयच नाही.

विधी मात्र मोठा रेखीव. दाराशी स्वागत, आणि आईबापांना प्रश्न : बाळाचे नाव काय ठेवता? मग शास्त्रवाचन, मग कुंडापाशी तीनदा पाणी. त्यानंतर डोक्यास सुगंधी तेल, अंगावर शुभ्र वस्त्र आणि पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली लहान मेणबत्ती. अखेरीस वेदीपाशी प्रभूची प्रार्थना. हा क्रम ठाऊक असला की धावपळ करावी लागत नाही. मंडळी निघण्याआधीच आपण पुढच्या जागी जाऊन उभे राहावे. अंधाऱ्या जागी १.८चे भिंग आणि आयएसओ ३२०० ठेवले, तर पाण्याच्या धारेसाठी सेकंदाचा अडीचशेवा भाग मिळू शकतो. शुभ्र कापड यंत्रास फसवते व चित्रात करडे उतरते, म्हणून तेथे एक पायरी अधिक प्रकाश द्यावा. बाळ रडले तर कॅमेरा खाली घेऊ नये. रडणाऱ्या बाळाकडे पाहताना धर्ममातेचा चेहरा जसा होतो, तसा तो सबंध दिवसात पुन्हा होत नाही.

हे सर्व आम्ही केले. पाण्याच्या वेळी कुंडाच्या उजव्या अंगास गुडघा टेकून नऊ चित्रे घेतली. त्यांतल्या एकात धार बाळाच्या कपाळावर नुकती फुटते आहे. असे चित्र आम्हांस पुन्हा साधेल असे वाटत नाही.

आठवड्याने ती चित्रे घेऊन आम्ही स्नेह्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मातुःश्री मूळच्या गिरगावच्या, वय ब्याऐंशी. त्यांनी एकेक चित्र खिडकीशी धरून पाहिले. धारेचे चित्र हाती येताच त्या बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, "मास्तर, झ्याक आलाय हो. त्या दिवशी देवळात मला हे दिसलंच नव्हतं. तुमची पाठ मधे होती."

त्या सहज बोलल्या. रोष मुळीच नव्हता. सूनबाईंनी लगबगीने चहा पुढे केला. घरी येऊन आम्ही ती नऊही चित्रे पुन्हा पाहिली. एकाच्या कडेला, अस्पष्ट, खुर्चीत बसलेल्या आजी मान वाकडी करून आमच्या खांद्यावरून पाहू बघत आहेत.

गेल्या फेब्रुवारीत त्याच घरी नात आली, आणि पुन्हा आम्हांसच बोलावणे आले. या खेपेस आम्ही आधी आजींची खुर्ची कुठे ठेवणार, ते विचारून घेतले आणि तिच्या मागे उभे राहिलो. तेथून कुंड अर्धेच दिसते. फादरांचा हात आड येतो आणि पाणी तर चित्रात नाहीच. खालचा तिसरा हिस्सा आजींच्या पांढऱ्या अंबाड्याने व्यापला आहे. स्नेह्यांच्या चिरंजीवांनी चित्र पाहून भीतभीत विचारले, "सर, दुसरा अँगल नव्हता का?" आम्ही नव्हता म्हणून सांगितले.