अंगठ्याला बांधलेली दोरी

दुपारची जेवणं आटोपलेली. आढ्याला टांगलेल्या पाळण्यात मूल, खाली भिंतीला टेकून बसलेली आई आणि तिच्या मांडीवर तांदळाचं सूप. दोन्ही हात खडे वेचण्यात गुंतलेले, पाळण्याची दोरी मात्र पायाच्या अंगठ्याला बांधलेली. पाऊल हललं की पाळणा हले. मूल चुळबुळलं की दोरीला हिसका बसे आणि मान वर न करताही आईला समजे, झोप चाळवली. जुन्या घरांतून वावरलेल्या कितीतरी जणांच्या डोळ्यांपुढे हे चित्र अजून आहे. तान्ह्या मुलांसाठी माणसाने पुढे जी जी साधनं केली, त्यांतली बरीचशी या दोरीच्याच वंशातली. आईला घरचं काम आहे, तिला मुलापासून चार हात दूर बसावं लागतं, आणि ते चार हात तिला सोसत नाहीत.

तेच अंतर अमेरिकेत १९३२ च्या मार्चमध्ये एका रात्री फार भयंकर ठरलं. विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांचा वीस महिन्यांचा मुलगा घराच्या वरच्या मजल्यावरून पळवला गेला, तेव्हा आईवडील त्याच घरात होते. त्या बातमीने कितीतरी आयाबापांची झोप उडाली. झेनिथ या रेडिओ कंपनीचे प्रमुख यूजीन मॅकडॉनल्ड यांच्याही घरी पुढे तान्ही मुलगी आली आणि त्यांनी आपल्या इंजिनिअरांना कामाला लावलं. १९३७ मध्ये ‘रेडिओ नर्स’ तयार झाली. पाळण्याजवळ ठेवायचा ‘गार्डियन इअर’ खोलीतला आवाज टिपायचा आणि घरातल्या विजेच्या तारांवरूनच तो दुसऱ्या खोलीतल्या यंत्राकडे पाठवायचा. हे ऐकण्याचं यंत्र घडवलं शिल्पकार इसामू नोगुची यांनी. बेकेलाइटचं, तपकिरी, जपानी तलवारबाजीतल्या मुखवट्यासारखं. डोळे नाहीत, ओठ नाहीत, तरी कुणीतरी टक लावून ऐकतंय असं वाटावं. किंमत १९ डॉलर ९५ सेंट. ते फारसं खपलं नाही, कारण त्यात इकडचेतिकडचे रेडिओचे आवाजही घुसत. पण बाळाच्या खोलीतला हुंकार भिंतीपलीकडे ऐकू येण्याची सुरुवात तिथून झाली, आणि आज तो हुंकार भिंतीपलीकडेच थांबत नाही. आपल्याकडे प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेली २६ आठवड्यांची रजा संपवून कामावर परतलेली आई जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी मोबाइल उघडते. पडद्यावर आजीच्या कुशीत बाळ झोपलेलं दिसतं. मग घास उतरतो.

बाळाच्या पायात घालायचा मोजाही आता मिळतो. रक्तातला प्राणवायू आणि नाडी तो मोजत राहतो. यामागची युक्ती १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांना सुचली आणि शस्त्रक्रियागृहांत तिने मोठं काम केलं. घरातल्या धडधाकट बाळाच्या बाबतीत मात्र अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना वेगळं सांगते. झोपेतल्या अचानक मृत्यूपासून ही यंत्रं वाचवतील या भरवशावर राहू नका. बाळाला उताणं झोपवा, गादी घट्ट असू द्या, उशा आणि मऊ खेळणी जवळ नकोत. १९९४ मध्ये तिथे उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत असे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. त्यासाठी कुणाला काही विकत घ्यावं लागलं नाही.

पण आई अगदी जवळ बसलेली असूनही काही कळत नाही, असं झालं तर?

गडचिरोलीच्या खेड्यांत नेमकं हेच होत होतं. मूल मांडीवर, छाती उडतेय, आणि ते उडणं साध्या पडशाचं की न्यूमोनियाचं हे सांगायला जवळपास डॉक्टर नाही. १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे हा प्रश्न आला. उत्तर वैद्यकशास्त्राला ठाऊक होतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेत असेल तर धोका, त्याहून मोठ्या तान्ह्याला पन्नास. पण मोजणार कोण? गावात प्रत्येक बाळंतपणाला हजर असायची ती सुईण, आणि कितीतरी सुइणींना आकडे येत ते बारापर्यंत. साठ हा आकडा त्यांच्या जगात नव्हताच.

मग त्यांच्यासाठी एक साधन तयार झालं, आणि या लेखात ज्याच्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबावं असं काही असेल तर ते हेच. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याच्या जोडीला मण्यांच्या दोन ओळी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी सहा मण्यांची, त्याहून मोठ्यासाठी पाचांची. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे पाहायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. सुईण आयुष्यभर दहापर्यंत मोजत आली होती. तिला तेवढंच करायला सांगितलं. तिला जे येत नव्हतं ते लाकडाने आणि वाळूने आपल्याकडे घेतलं, जे येत होतं ते तिच्याकडेच राहू दिलं. पाटी-पेन्सिल घेऊन तिला आधी साठपर्यंत शिकवत बसले असते, तर तेवढ्या दिवसांत किती पाळणे रिकामे झाले असते!

पुढे १९९३ ते १९९८ या काळात त्याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाया आरोग्यदूत झाल्या. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, श्वास थांबलेल्या बाळाला हवा देण्याचं साधन आणि कमी वजनाच्या बाळाला ऊब देणारी झोपपिशवी. प्रयोगाआधी या गावांत जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी ६२ पहिला महिना पुरा करत नव्हती. तो आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताईंच्या कामात नवजात बाळाच्या घरभेटी आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. पिशवीत काटा, थर्मामीटर, सेकंद दाखवणारं घड्याळ, दुपटं. ताई बाळाला काट्याच्या झोळीत ठेवतात तेव्हा सारं घर श्वास रोखून उभं असतं. सव्वादोन किलोचं अडीच किलो झालं, हे ऐकून आजीचा चेहरा कसा फुलतो, ते कुठल्याही काट्यावर मोजता यायचं नाही.

कधीकधी यंत्र नसण्यातूनही वाट निघाली. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची बाळं फार आणि उबेच्या पेट्या थोड्या. एकेका पेटीत दोन-तीन बाळं. त्यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवून कापडाने बांधायला सुरुवात केली. ऊब मिळाली, दूध जवळ राहिलं, एकमेकांचा संसर्गही टळला. कांगारूवरून नाव पडलेली ती रीत आज मोठमोठ्या रुग्णालयांतही आहे, आणि तिच्यासाठी लागतं ते एक लांब सुती कापड. लुगड्याच्या दुपट्यात वाढलेल्या आपल्या मुलुखाला हे कापड परकं नाही.

मोबाइल-टीव्हीच्या पडद्यांविषयी डॉक्टर आज कडक बोलतात आणि ते योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाच्या आतल्या मुलापुढे पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाच्या वर नको. घास भरवण्यासाठी मोबाइल समोर धरणं म्हणजे मुलाला जेवणाची चवच कळू न देणं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी मात्र दीड वर्षाच्या आतल्या मुलांसाठीही एक मुभा ठेवली आहे, जवळच्या माणसांशी व्हिडिओवर बोलण्याची. सातासमुद्रापार नातवंडं असलेल्या सांगली-नाशिककडच्या आजी-आजोबांचा जीव या एका मुभेवर तगून आहे. तिकडे रात्र, इकडे सकाळ. आजी पदराआड तोंड लपवते, ‘कुक’ म्हणते. पलीकडचं बाळ खिदळतं आणि हातातलं चोखलेलं बिस्किट तिला भरवायला म्हणून काचेवर टेकवतं. आजी तोंड उघडते.

आणि एक दिवस मूल स्वतःच दूर जाऊ लागतं. त्या दिवसासाठी आपल्याकडे पांगुळगाडा आहे. तीन चाकं, धरायला आडवी दांडी, लाकडाची रंगीत करामत. सावंतवाडीच्या बाजारात लाकडी फळांच्या शेजारी तो अजून उभा दिसतो. याच्या शेजारीच हल्ली प्लॅस्टिकचा गोल वॉकर येऊन बसला आहे. त्यात मूल झोळीत बसतं, पाय नुसते टेकतात आणि गाडी भरकन पळते, जिन्याकडेसुद्धा. पडून डोक्याला मार लागलेली इतकी मुलं दवाखान्यांत आली की कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवरही बंदी घातली. शिवाय त्याने चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं. पांगुळगाड्यात बसायला जागाच नाही. उभं राहायचं तर आपल्या पायांवर, ढकलायचं तर आपल्या बळाने. दोन पावलं टाकून मूल थपकन बसतं, गाडा तिथेच थांबतो.

त्याच्या चाकांचा आवाजही कारागिराने मुद्दाम ठेवला असावा असं वाटतं. ओसरीवर खडखड, खडखड. स्वयंपाकघरात भाकरी थापणारी आई तो आवाज ऐकत असते. आता तुळशीपाशी, आता उंबऱ्यापाशी. मध्येच खडखड थांबते. ती भाकरीवरचे हात उचलते, क्षणभर कान देते, आणि पिठाच्या हातांनीच बाहेर धावते.