खालच्या रांगेचं काय?

सीपीयू कधी कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या शेड्युलरला एक गोष्ट कधीच ठाऊक नसते: आलेली प्रोसेस किती वेळ खाणार. विचारून उपयोग नाही, सगळ्यांनाच घाई असते. १९६२ साली एमआयटीच्या फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस या टाइम-शेअरिंग प्रणालीसाठी तोडगा मांडला, तो वागणूक बघण्याचा. मिळालेल्या वेळात काम उरकलं नाही की प्रोसेस खालच्या रांगेत. पण तिथे तिची पाळी आली की वेळ दुप्पट.

शेड्युलरच्या निर्णयांची नोंद, म्हणजे ट्रेस, उघडून बसलं की हे डोळ्यांनी दिसतं. एडिटर कळ दाबल्यावर जागा होतो, एक अक्षर पडद्यावर टाकतो आणि पुढच्या कळीची वाट बघत झोपतो. वाट्याचा वेळ तसाच पडून. म्हणून त्याचं स्थान वरच. कंपायलर मात्र दिलेलं सगळं संपवतो आणि पायरी-पायरीनं उतरतो. ही शिक्षा नव्हे. सोलॅरिस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ६० पायऱ्यांच्या तक्त्यात सगळ्यात वर २० मिलिसेकंद मिळत, तळाशी २००. कंपायलरला तेच सोयीचं, सारखं उठवाउठव नको.

लबाडीही चालते. वेळ संपता संपता उगाच एखादं डिस्कचं काम काढायचं, सीपीयू सोडायचा आणि वरच्या रांगेत ठाण मांडायचं. त्यावर उपाय सोपा आहे: हिशेब एका फेरीचा न ठेवता त्या रांगेतल्या एकूण वापराचा ठेवायचा.

माझा खरा वेळ जातो तो तळाशी अडकलेल्यांपायी. वरचे सारखे येत राहिले तर खालच्यांची पाळीच येत नाही. म्हणून अधूनमधून त्यांना वर उचलतात. विंडोज सुमारे ४ सेकंद ताटकळलेल्या थ्रेडला थेट १५व्या पायरीवर नेतं. ४च का? सूत्र मांडून हा आकडा निघत नाही. कमी ठेवला तर टायपिंग अडखळतं, जास्त ठेवला तर खालचे कुजतात. मी तरी असे आकडे मशीनवर खरा भार टाकून, ट्रेस बघूनच ठरवतो.

लिनक्सनं साध्या प्रोसेससाठी २००७ साली रांगा मोडून झाडासारखी रचना (ट्री) आणली. रिअल-टाइमच्या रांगा मात्र राहिल्या, आणि तिथे कुणाला आपोआप वर उचलत नाहीत. प्रायॉरिटी ९९ची फिफो (स्वतः सोडेपर्यंत सीपीयू धरून ठेवणारी) प्रोसेस अनंत लूपमध्ये गेली की तो कोर तिचा. म्हणून कर्नलनं वर्षानुवर्षं रिअल-टाइमला दर सेकंदाला ९५० मिलिसेकंदांचीच मुभा ठेवली. उरलेल्या ५० मिलिसेकंदांत शेल कसाबसा जागा होतो, आणि आपण ‘किल’ टाइप करतो, एकेक अक्षर उमटायची वाट बघत.