बांधावरचे गोत

तृणकुल बाजूला ठेवले, तर नांदेड आणि लातूरकडच्या माणसाला जन्मभर पुरणारे वनस्पतींचे दुसरे कुल सूर्यफुलाचेच होय. शास्त्रीय ग्रंथांत ‘अ‍ॅस्टरेसी’ किंवा जुन्या नावाने ‘कंपॉझिटी’ म्हणून येणाऱ्या या कुलात जगभरातील २५,००० हून अधिक जाती मोडतात; पण गावातल्या माणसाला ते कुल म्हणून कधी भेटत नाही. लहानपणी गुडघा फुटला की बांधावरच्या एकदांडीचा पाला चुरगळून लावला जातो, हिवाळ्यात करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर पाथरी कच्चीच खाल्ली जाते, कारळ्याची चटणी बारा महिने घरात असते, माक्याचे तेल डोक्याला लागते, दसऱ्याला दारावर झेंडू चढतो आणि पुढे कधीतरी गाजरगवताने अंगाला खाज सुटते. मात्र ही सगळी एकाच घराण्यातली आहेत, हे सांगणारे जवळ सहसा कोणी नसते. ते कळते ते बहुधा महाविद्यालयात, वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात, आणि ज्याला एकदा कळले त्याला बांध पुन्हा पूर्वीसारखा दिसत नाही.

त्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यापुढे एकदांडीचे फूल ठेवून त्याचा उभा छेद घ्यायला सांगतात, आणि भिंगाखाली पहिल्यांदाच लक्षात येते की ज्याला आजवर फूल म्हटले ते एक फूल नसून पुष्कळ फुलांचा समूह आहे. देठाच्या पसरट टोकावर दाटीने बसलेल्या या समूहाला स्तबक म्हणतात. त्याच्या कडेची, जिभेसारखी पाकळी बाहेर काढलेली फुले ती किरण-पुष्पके, मधली पाच दातांच्या नळीसारखी ती बिंब-पुष्पके, आणि या सगळ्यांना खालून धरणारी हिरव्या छदांची वाटी म्हणजे छदमंडल. फळणाऱ्या प्रत्येक पुष्पकाच्या तळाशी एकच बी असलेले, न तडकणारे कोरडे फळ धरते (सूर्यफुलाची बी म्हणून जे तेलाला जाते ते खरे पाहता असेच फळ आहे) आणि त्या फळाच्या डोक्यावर केसांचा किंवा खवल्यांचा जो तुरा असतो त्याला पिच्छ म्हणतात. हा साचा ध्यानात आला की त्याचे फेरफार पाहण्यात वर्षे जातात. पाथरीत सगळी पुष्पके जिभेसारखी असतात आणि बिंब नसतेच, तर करडईत सगळी नळीसारखी असतात आणि किरण नसतात. औसा, अहमदपूरकडच्या बालाघाटाच्या माळावर उंटकटारीचा निळसर पांढरा काटेरी चेंडू दिसतो, त्याची रचना तर फारच विलक्षण आहे: त्यातले प्रत्येक स्तबक अवघ्या एका पुष्पकाचे असते, त्या एकाला स्वतःचे स्वतंत्र छदमंडल असते, आणि अशी कितीतरी एकेकटी स्तबके गोळा होऊन तो चेंडू बनतो. समूह करून राहणाऱ्या घराण्यातली ही एक शाखा आधी एकटी झाली आणि मग तिने दुसऱ्या वाटेने पुन्हा समूह केला, हे ज्याने हाताने सोडवून पाहिले, त्याला वनस्पतीच्या इतिहासाबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही.

घरच्या शेतात या कुलाचा मान करडईचा. रब्बी ज्वारीच्या कडेने करडईचे तास पेरण्याची जी रीत मराठवाड्यात होती, तिच्यात तेल आणि राखण दोन्ही साधत असे, कारण पीक वाढेल तशी करडईची पाने आणि छदे काटेरी होत जातात आणि मोकाट जनावर त्या ओळींत तोंड घालत नाही. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले, फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचेही वाण काढले, आणि काढणी करणाऱ्याचे हात त्यामुळे वाचले, हे मोठेच काम होय.

दसरा-दिवाळीच्या सुमारास नांदेड आणि लातूरच्या फुलबाजारात याच कुलातली जांभळी, गुलाबी, पांढरी ‘अ‍ॅस्टर’ ढिगाने येतात. पुण्याच्या गणेशखिंड संशोधन केंद्रातून निघालेले ‘फुले गणेश व्हाइट’, ‘फुले गणेश पिंक’, ‘फुले गणेश व्हायोलेट’ हे वाण राज्यातल्या फूलशेतीत परिचयाचे आहेत. असे एक फूल उलटे करून पाहिले, तर छदमंडलातली बाहेरची छदे पानांसारखी रुंद, हिरवी आणि पसरलेली दिसतात, आणि फळ काढून भिंगाखाली धरले तर पिच्छ दोन पदरी आढळते, बाहेर आखूड खवल्यांचे कडे आणि आत लांब केस. लिनीयसने १७५३ साली या चिनी वनस्पतीला अ‍ॅस्टर प्रजातीत घातले होते, पण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आन्री कासिनी याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छदे, पुष्पके आणि पिच्छ बारकाईने तपासून तिच्यासाठी ‘कॅलिस्टेफस’ ही वेगळी प्रजाती केली, आणि त्या प्रजातीत आजही ही एकच जाती आहे. बाजारात अ‍ॅस्टर म्हणून विकले जाणारे फूल शास्त्राच्या हिशेबी अ‍ॅस्टर नव्हे. तरीही फूलवाल्याने आपले नाव बदलावे असे मुळीच नाही, कारण त्याच्या नावाचे काम वेगळे आणि शास्त्राच्या नावाचे वेगळे.

हीच फारकत अमेरिकेतल्या रानअ‍ॅस्टरांच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर झाली, आणि या कुलाचा विचार करणाऱ्याने ती हकिगत समजून घेण्यासारखी आहे. उत्तर अमेरिकेची कुरणे, दलदली, वनांच्या कडा सप्टेंबर-ऑक्टोबरात जांभळ्या, निळ्या, पांढऱ्या किरणांच्या आणि पिवळ्या बिंबाच्या फुलांनी भरून जातात. सतराव्या शतकात त्यांतली काही इंग्लंडच्या बागांत गेली आणि २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणाच्या आसपास फुलतात म्हणून त्या सणाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. युरोपातल्या अ‍ॅस्टरांशी त्यांचे साम्य इतके, की त्यांना त्याच प्रजातीत घालण्यात कोणाला वावगे वाटले नाही, आणि होता होता अ‍ॅस्टर प्रजाती सुमारे ६०० जातींची झाली. आसा ग्रे या हार्वर्डच्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्याची कित्येक वर्षे या अ‍ॅस्टरांवर घालवली, तरी त्यांच्या सीमारेषा त्याला छळतच राहिल्या. त्याचे कारण वनस्पतींच्या पोटातच होते: न्यू इंग्लंड अ‍ॅस्टरच्या पेशीत १० गुणसूत्रे असतात, तर न्यूयॉर्क अ‍ॅस्टरच्या पेशीत ४८. गुणसूत्रांचे संच दुप्पट-चौपट होणे आणि जवळच्या जातींचा आपसांत संकर होणे या दोन गोष्टी या गटात इतक्या घडल्या आहेत, की एकाच कुरणात मधल्या रूपांची रांग लागते आणि एक जाती कुठे संपली व दुसरी कुठे सुरू झाली, ते नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही.

१९९४ साली गाय नेसम या वनस्पतिशास्त्रज्ञाने पिच्छ, छदे, फळे आणि गुणसूत्रसंख्या यांचा पुन्हा पहिल्यापासून विचार करून अमेरिकी अ‍ॅस्टरांची वाटणी अनेक प्रजातींत केली. शंभराच्या आसपास जाती ‘सिम्फिओट्रायकम’मध्ये गेल्या, पायथ्याशी रुंद पाने असणाऱ्या आणि गुणसूत्रांचा मूळ संच ९ चा असणाऱ्या जाती ‘युरिबिया’त गेल्या, सुईसारख्या ताठ पानांच्या आणि दुहेरी पिच्छाच्या काही थोड्या ‘आयोनॅक्टिस’मध्ये, आणि याशिवाय कितीतरी लहान प्रजाती निघाल्या, त्यांतली बरीच नावे एकोणिसाव्या शतकातच कासिनी व नीस फॉन एझेनबेक यांनी सुचवून ठेवलेली होती. त्याच दशकात डीएनएच्या अभ्यासाने या वाटणीला दुजोरा दिला आणि त्याहून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली: अमेरिकेतले अ‍ॅस्टर हे युरोप-आशियातल्या अ‍ॅस्टरांपेक्षा अमेरिकेतल्याच गोल्डन रॉडला अधिक जवळचे आहेत. गोल्डन रॉड म्हणजे हल्ली पुष्पगुच्छांत घालतात ते पिवळे तुरे. त्यांच्यात आणि जांभळ्या अ‍ॅस्टरात वरवर काहीही सारखे दिसत नाही. आता मूळ अ‍ॅस्टर प्रजातीतली एकच जाती, अल्पाइन अ‍ॅस्टर, उत्तर अमेरिकेत उरली आहे. इतकी नावे बदलल्याने बागवान आणि हौशी अभ्यासक त्रासले, आणि ते स्वाभाविक होते. पण रूप सारखे दिसले म्हणून नाते मानायचे की नाते तपासून मग रूपाकडे पाहायचे, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर फार थोड्या वनस्पतिगटांनी दिले आहे, आणि ते त्रासाच्या मोलाचे आहे.

मराठवाड्याच्या वनस्पतींना असे बारकाईने पाहणारे डोळे उशिरा लाभले. थिओडोर कुक याचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, पण नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने ते त्याच्या कक्षेबाहेर राहिले. ही उणीव प्रामुख्याने डॉ. वि. ना. नाईक यांनी भरून काढली: १९७९ साली त्यांचा उस्मानाबादच्या वनस्पतींवरील ग्रंथ आला, आणि लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झालेला असल्यामुळे आजच्या लातूरच्या वनस्पतींचाही तो पाया ठरतो, पुढे १९९८ साली संपूर्ण मराठवाड्याचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नामांतराची लाट या भागातल्या जातींपर्यंतही आलीच आहे. ज्या सहदेवीला जुनी पुस्तके ‘व्हर्नोनिया’ म्हणत, ती आता ‘सायँथिलियम’ झाली आहे, आणि याही बदलाच्या मुळाशी तेच कारण आहे, की अमेरिकेतल्या व्हर्नोनिया वेगळ्या ठरल्या आणि आशियातल्या जातींना त्यांच्यातून निघावे लागले.

बांधावर या दृष्टीने पाहू लागले की अमेरिका किती जवळ येऊन बसली आहे, हे जाणवते. जखमेवर लावायची एकदांडी मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेची, देवाला वाहायचा झेंडू मेक्सिकोचा, सूर्यफूल उत्तर अमेरिकेचे, गाजरगवत अमेरिकी उष्ण प्रदेशातले. यातल्या गाजरगवताची नोंद पुण्यात १९५५ च्या सुमारास झाली आणि पुढच्या दोन दशकांत ते सगळीकडे पसरले. ते ‘पीएल-४८०’ योजनेच्या अमेरिकी गव्हाबरोबर आले असे सर्रास सांगतात. पण त्या योजनेचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा असल्याने, ते धान्याबरोबर आलेच असेल तर त्याआधीच्या आयातीतून आले असले पाहिजे. त्याचे पांढरे फूल मुगाच्या दाण्याएवढे असते, आणि त्यातही पाचच किरण-पुष्पके फळतात, म्हणजे एका स्तबकाला फळे पाच. तरीही एका झाडावर स्तबके इतकी येतात की बियांची संख्या हजारोंच्या घरात जाते.

सूर्यफुलाचे तेलवाण १९६९ साली तत्कालीन सोव्हिएत संघातून भारतात आले, आणि लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रामुळे या जिल्ह्याचा त्या पिकाशी विशेष संबंध जडला. सोयाबीन पसरण्यापूर्वी या शिवारांत सूर्यफूल मानाने उभे असे. सूर्यफूल आणि गाजरगवत ही एकाच अमेरिकी गोतातली दोन भावंडे, एक लावलेले आणि एक आपोआप आलेले, एकाच बांधाच्या दोन बाजूंना उभी राहिली, तेव्हा जे घडले ते कोणी आधी ओळखले नव्हते. गाजरगवत खाणारा झायगोग्रामा हा भुंगा मेक्सिकोहून आणून १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आला होता, आणि काही वर्षांनी तो सूर्यफुलाची पानेही कुरतडताना आढळल्याने घबराट उडाली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण येऊन बसले असले म्हणजे भुंगा त्या पानाकडे वळतो. पुढे १९९७ पासून सूर्यफुलावर नेक्रोसिस रोग आला, ज्यात पाने करपतात, शेंडा वाकडा होतो आणि स्तबक नीट उमलत नाही. त्याचा विषाणू गाजरगवतात कोणतेही लक्षण न दाखवता राहतो आणि त्याच्या परागकणांतून फुलकिड्यांमार्फत सूर्यफुलात शिरतो. म्हणून सूर्यफूल पेरणाऱ्याला कृषितज्ज्ञ दोन गोष्टी सांगतात: बांधावरचे गाजरगवत फुलण्याआधी उपटावे, आणि सूर्यफुलाच्या चारी कडांना ज्वारीच्या तीन-चार ओळी आधी पेरून घ्याव्यात, म्हणजे उडत येणारे परागकण आणि फुलकिडे त्या उंच ओळींत अडतात. ज्या ज्वारीची राखण करडईने केली, तिने आता करडईच्या या दूरच्या नातलगाची राखण करायची आहे.