गाणं चालू असताना

आमच्या काकांची होडी कोको बीचवरून सुटते. नेरूलची नदी जिथे मांडवीला मिळते, तिथून निघायचं, आग्वादच्या बाजूला वळायचं, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायचे आणि परत यायचं. डॉल्फिन दिसणं आपल्या हातात नसतं, गाणी लावणं असतं. म्हणून काका नेहमी म्हणतात, "इंजिन आणि रेडिओ, या दोघांनी दगा द्यायचा नाही."

रेडिओ म्हणजे गाडीत बसवतात तो स्टीरिओ आणि चार स्पीकर. गेल्या मोसमाच्या शेवटी त्याने दगा दिला. आवाज कमी असला की ठीक चालायचा. पण लोक नाचायला उठले आणि आवाज वाढवला की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला पडद्यावरचे आकडे मंद व्हायचे, मग सगळंच बंद पडायचं आणि स्टीरिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. काकांनी नवा स्टीरिओ आणला. तोही दोन दिवसांत तसाच वागायला लागला.

"मिस्त्रीन काम पाड केलां," काकांनी निकाल दिला. स्टीरिओ बसवणाऱ्या मिस्त्रीचे दोन हजार रुपये मोसम संपल्यावर द्यायचे राहिले होते. ते काकांनी दिले नाहीत, वर जेटीवर चारचौघांसमोर त्याला नको नको ते बोलले. तो काही न बोलता स्कूटरला किक मारून निघून गेला. मी तिथेच उभी होते. फिजिक्सची विद्यार्थिनी म्हणून काकांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मीही मान डोलावली.

पावसात होडी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेली असते. यंदा चवथ झाली, झाकण निघालं आणि काका म्हणाले, "बाय, तुझं ते मीटर घेऊन ये. पळोवया."

मी मोठ्या ऐटीत मल्टीमीटर घेऊन गेले. बॅटरी घरी चार्ज करून आणली होती. स्टीरिओचा प्लग काढून तारांच्या टोकांवर मीटर लावलं. 12.6 व्होल्ट. भरलेल्या बॅटरीचा असतो अगदी तेवढा. "तारा ठीक आहेत, काका. दोष यंत्रातच असणार." प्लग जोडला, गाणं लावलं, आवाज वाढवला आणि स्टीरिओ बंद पडला. काका हसले नाहीत, ते मला जास्त लागलं.

रात्री प्रयोगवही लिहिताना चूक लक्षात आली. आमचे सर सारखे सांगतात, वाचन कोणत्या स्थितीत घेतलं ते आधी लिहा. मी ते घेतलं होतं प्लग काढून, म्हणजे तारेतून काहीच वाहत नसताना. वाहत नसताना कसलीही कुजकी तार पूर्ण व्होल्टेज दाखवते. व्होल्टेजची घट ही विद्युतधारा गुणिले रोध एवढी असते. धारा शून्य तर घटही शून्य. तार कशी आहे ते तिला काम दिल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टीरिओ चालू ठेवूनच मोजायला बसले. गाण्याच्या ठेक्याबरोबर मीटरवरचे आकडे नाचत होते, एकही धड वाचता येईना. मग फोनवरचा तानपुरा लावला आणि आवाज मोठा केला. काका म्हणाले, "ही होडी की देवळातलं भजन?" पण आकडे स्थिर झाले. धारा साधारण साडेआठ अँपिअर. बॅटरीवर 12.4 व्होल्ट, स्टीरिओपाशी 10.2. वाटेत 2.2 व्होल्ट गायब.

कुठे गायब, हे शोधायची रीत सोपी आहे. मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकावर, दुसरी स्टीरिओच्या लाल तारेवर: 0.7 व्होल्ट. सात मीटरच्या बारीक तारेत एवढं जाणारच. मग एक सुई ऋण टोकावर आणि दुसरी काळ्या तारेवर: 1.5. तार तीच, लांबीही तेवढीच, घट मात्र दुप्पट. गाडीत काळी तार जवळच्या पत्र्यावर आवळली तरी चालतं, कारण गाडीचा पत्राच बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. फायबरच्या होडीत तशी सोय नाही. जेवढी वीज लाल तारेतून येते, तेवढीच काळीतून परत बॅटरीपर्यंत जावी लागते. आणि परतीच्या वाटेकडे आपलं लक्ष नसतं.

मी काळ्या तारेवर हात फिरवत मागे मागे गेले. लाइफ जॅकेटच्या ढिगाखाली हाताला चटका बसला.

तिथे एक जोड होता. दोन टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. टेप वितळून चिकट झाली होती, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. वरच्या जॅकेटवर रुपयाएवढा तपकिरी डाग होता. तो जोड मी ओळखला, कारण तो मीच केला होता. बारावीच्या सुट्टीत. समोरून पाणी उडतं म्हणून काकांनी स्टीरिओ सुकाणूपाशी हलवला, लाल तार पुरली, काळी हातभर कमी पडली. "मिस्त्रीला कशाला बोलवता, मी करते," असं मीच म्हटलं होतं.

मी मनात हिशेब केला. त्या जोडात 0.8 व्होल्ट जास्तीचे, साडेआठ अँपिअर, म्हणजे जवळजवळ सात वॅट. बल्ब असता तर लहान खोलीत उजेड पडला असता. इथे त्या सगळ्याची उष्णता होत होती, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, लाइफ जॅकेटखाली. बॅटरीपाशी मिस्त्रीने पंधराचा फ्यूज घातलेला होता, पण तो उडणार नव्हता. फ्यूज जास्तीच्या धारेला उडतो, आणि वाईट जोडात धारा वाढत नाही, फक्त ताप वाढतो. होडीत बारा-पंधरा माणसं नाचत असताना हा ताप खाली वाढत होता.

काका पलीकडे दोर आवळत होते. तो तुकडा कापून पाण्यात टाकला असता तर कुणालाच कळलं नसतं. खरंच, पक्कड हातात होती. मग जवळच मिस्त्रीने लाल तारेवर केलेला जोड दिसला: दाबून बसवलेली नळी, वर गरम करून आक्रसवलेलं प्लास्टिक. दोन पावसाळ्यांनंतरही आतलं तांबं तसंच असणार.

"काका, हा माझा जोड आहे," मी म्हटलं.

ते आले. तुकडा हातात घेतला, जॅकेटवरचा डाग अंगठ्याने घासून पाहिला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्कूटर काढ."

मिस्त्री घरीच होता. काकांनी दोन हजार त्याच्या हातावर ठेवले. "जेटीर उलयलों तें चुकलें," एवढंच म्हणाले. मी तुकडा पुढे केला. त्याने तो उजेडात धरून पाहिला. "दर्याक टेप कळना, बाय," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

जाड तार त्यानेच दिली: कल्हई केलेल्या तांब्याची, सहा चौरस मिलिमीटरची. खारी हवा उघड्या तांब्याला खाते, कल्हईला सहज नाही. जोड मात्र त्याने केले नाहीत. नळी, पक्कड माझ्या हातात दिली आणि शेजारी बसून राहिला. दोन्ही तारा नव्या घातल्या, मध्ये एकही जोड न ठेवता. तानपुरा लावून पुन्हा मोजलं: बॅटरीवर 12.4, स्टीरिओपाशी 12.0.

मी ते वहीत लिहिलं, आणि पुढे स्थितीही लिहिली: गाणं चालू असताना.