मांड

घोडेस्वाराच्या बैठकीला मराठीत ‘मांड’ म्हणतात आणि ती ‘पक्की’ असावी, असे मानतात. कँटरमध्ये तीन ठोक्यांनंतर चारही खूर क्षणभर अधांतरी असतात. पक्केपणाची परीक्षा तिथे होते. भयाने गुडघे आवळले, की टाचा वर चढतात आणि देह खोगिरापासून सुटतो. कंबर सैल, टाचा खाली आणि दृष्टी दूर असली, की घोड्याची लय आपल्या अंगात उतरते. रिकिबी नसलेल्या काळातला ग्रीक लेखक झेनोफन सांगतो, की स्वाराने खुर्चीत बसल्यासारखे न बसता पाय फाकून उभे राहिल्यासारखे बसावे. साठीनंतर मोडलेले हाड लवकर सांधत नाही, हे मी जाणतो. तरीही रोज थोडा वेळ रिकिबीतून पाय काढतो. भयाला आवळण्याची सवय लागू नये म्हणून.