खाडा

गिरणीच्या गावात वाढलेल्या कुणालाही 'खाडा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कामावर गेले नाही, रोज बुडाला, की खाडा पडला. आमच्यापैकी एकाचे वडील सूतगिरणीत होते. घरातल्या कॅलेंडरवर खाड्याच्या दिवसाभोवती ते पेन्सिलीने गोल काढून ठेवीत आणि पगाराच्या दिवशी ते गोल मोजीत. हा शब्द पुढे इंग्लंडच्या उत्तरेकडील एका खेळाच्या इतिहासात आपल्याला भेटेल, असे मात्र मराठीचे एम.ए. करताना किंवा नंतर इतकी वर्षे मराठी शिकवताना आम्हां दोघांना कधी वाटले नव्हते.

निमित्त झाले ते तौलनिक साहित्याभ्यासाच्या अभ्यासपत्रिकेचे. कामगारजीवनावरील कादंबऱ्या शोधताना डेव्हिड स्टोरी यांची 'धिस स्पोर्टिंग लाइफ' (१९६०) हाती आली. स्टोरी वेकफील्डच्या एका खाणकामगाराचे चिरंजीव. लंडनच्या स्लेड कलाशाळेत चित्रकला शिकत असताना ते सुट्टीच्या दिवशी आगगाडीने उत्तरेला जात आणि लीड्सच्या क्लबकडून पैसे घेऊन रग्बी लीग खेळत. कादंबरीतली रग्बी म्हणजे आपण ऐकलेली पंधरा जणांची रग्बी नव्हे, हे टिपा काढताना आम्हांला कळले. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले. वादाचे मूळ साधे होते. खाणीतला वा गिरणीतला कामगार सामन्यासाठी कामावर गेला नाही, तर त्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही? मूळ संघटनेच्या शुचितेच्या कल्पनेत ती बसत नव्हती. खाड्याच्या पैशावरून फुटलेला हा खेळ पुढे १९०६ मध्ये तेरा जणांचा झाला.

आम्ही कादंबरीत गुंतलो असताना विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने थेट सामनेच पाहायला सुरुवात केली. तो तासिका तत्त्वावर होता. दोन तासांच्या मधल्या रिकाम्या वेळात स्टाफरूममध्ये मोबाइलवर तो आम्हांला सामन्यांतील निवडक क्षण दाखवी. आमचे लक्ष चेंडूकडे. त्याचे मात्र भलतीकडेच. एकदा तो म्हणाला, ''सर, हा वर काचेमागे बसलेला माणूस बघा. खेळतात दुसरेच आणि नोकरी जाते याची.''

काचेमागचा तो माणूस म्हणजे प्रशिक्षक. सामना ऐंशी मिनिटांचा. आठवडाभर सराव, चित्रफितींचा अभ्यास, दुखापतींचे हिशेब. आणि सामना सुरू झाला, की बदली खेळाडू उतरवणे आणि कानाला लावलेल्या यंत्रातून खाली निरोप धाडणे, एवढेच त्याच्या हाती उरते. कुणाचा तरी चेंडू निसटतो, कुणाचा गुडघा दुखावतो, पंचांचा कौल विरुद्ध जातो. खेळाडूंच्या मानधनाच्या एकूण खर्चावर मर्यादा असल्यामुळे हवा तो खेळाडू आणता येत नाही. या साऱ्याची बेरीज मात्र गुणतक्त्यात त्याच्या नावावर मांडली जाते.

स्टोरींच्यामुळे आमचा जीव लीड्सवर जडला. तिथल्या ब्रायन मॅकडरमॉट यांची हकिगत आम्हां तिघांनाही पाठ झाली होती. त्यांच्या कारकिर्दीत लीड्सने २०११, २०१२, २०१५ आणि २०१७ अशी चार विजेतेपदे मिळवली. २०१५ मध्ये तर त्या मोसमातले तिन्ही मोठे मान एकाच क्लबकडे आले. त्यानंतर केव्हिन सिनफील्ड यांच्यासह तीन बिनीचे खेळाडू संघाबाहेर पडले. डिसेंबरच्या पुरात एअर नदीचे पाणी सरावाच्या जागेत शिरले. आणि २०१६ मध्ये हाच संघ खालच्या श्रेणीत घसरू नये म्हणून झगडताना दिसला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा अजिंक्य ठरला. ही गोष्ट ऑक्टोबर २०१७ ची. जुलै २०१८ मध्ये, पराभवांच्या एका मालिकेनंतर, मॅकडरमॉट यांना काढून टाकण्यात आले. संघाची सूत्रे आली ती त्यांच्याच एकेकाळच्या कर्णधाराकडे, सिनफील्ड यांच्याकडे. मॅकडरमॉट मग टोरांटोच्या क्लबकडे गेले, त्याला वरच्या श्रेणीत घेऊन आले. आणि २०२० च्या महासाथीत त्या क्लबनेच मोसमाच्या मध्यावर स्पर्धेतून अंग काढून घेतले. म्हणजे एकदा क्लबने माणूस सोडला, एकदा माणसाच्या पायाखालून क्लबच गेला.

माणूस बदलल्याने लीड्सचे भाग्य बदलले म्हणावे, तर तेही नाही. नवे प्रशिक्षक डेव्ह फर्नर काही महिनेच टिकले. मे २०१९ मध्ये त्यांना जावे लागले. रिचर्ड अॅगर यांनी २०२० चा चॅलेंज चषक मिळवून दिला आणि मार्च २०२२ मध्ये पद सोडले. रोहन स्मिथ यांनी त्याच वर्षी संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले; जून २०२४ मध्ये तेही गेले. त्यांच्या जागी आले ब्रॅड आर्थर. मे २०२४ मध्ये सिडनीच्या पॅरामॅटा क्लबने त्यांना दहा वर्षांच्या सेवेनंतर काढले होते. गंमत अशी, की २०२२ मध्ये आर्थर यांचा संघही ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात होता. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच वर्षी अंतिम फेरी गाठणारे दोघे प्रशिक्षक दोन वर्षांच्या आत बेकार झाले, आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसला.

आर्थर यांना त्या अंतिम सामन्यात हरवणारे होते पेनरिथचे आयव्हन क्लीअरी. याच पेनरिथने २०१५ मध्ये क्लीअरींना काढले होते. ते थकलेले दिसतात, असे तेव्हा सांगण्यात आले. २०१९ च्या मोसमासाठी त्यांनाच परत बोलावले गेले आणि २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे त्यांनी मिळवून दिली. मग २०१५ मधला निर्णय कशाबद्दल होता?

साहित्याचे विद्यार्थी म्हणून या प्रश्नाचे उत्तर आम्ही आमच्या परीने शोधले. शोकात्मिका शिकवताना आपण सांगतो, की नायकाचे पतन त्याच्या स्वतःच्या प्रमादातून होते. प्रशिक्षकाचे पतन त्या साच्यात बसत नाही. प्रमाद वाटला गेलेला असतो. पतन एकट्याचे असते. पराभवाची कारणे अनेक, विखुरलेली, कंटाळवाणी असतात. कथानकाला मात्र एकच कारण आणि एकच चेहरा लागतो. तेरा जण बदलता येत नाहीत, पूर थोपवता येत नाही, म्हणून एक माणूस बदलायचा. हकालपट्टीने संघ सुधारतो असे नाही; ती गोष्टीला शेवट देते. प्रशिक्षकाचे काहीच चुकत नाही, असे आम्हांला म्हणायचे नाही. पण चुकीचे माप आणि शिक्षेचे माप यांचा इथे मेळ नाही.

आणि भाषा! अध्यक्षांनी 'आमचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे' असे जाहीर केले, की दिवस भरत आल्याचे जाणकार ओळखतात. पुढचे निवेदन 'परस्पर संमतीने' या शब्दांनी सजते. व्याजोक्तीचे उदाहरण म्हणून ही निवेदने वर्गात लावावीत, असे आम्ही तिघे हसत हसत म्हणत असू.

स्टोरींच्या 'द चेंजिंग रूम' (१९७१) या नाटकात क्लबचा मालक आहे, चिटणीस आहे, खोली झाडणारा म्हातारा आहे, खेळाडूंना मालिश करणारा आहे. आजच्या अर्थाने साऱ्या यशापयशाचा धनी असलेला प्रशिक्षक मात्र त्यात नाही. त्या काचेमागच्या माणसावर आपण काही लिहावे, असा आमचा बेत होता. तो हा लेख. पण त्यातला तिसरा लेखक आता विभागात नाही.

गेल्या वर्षी पदवीच्या निकालाची टक्केवारी घसरली आणि मराठी विशेष घेणारे विद्यार्थी कमी झाले. बैठकीत 'काहीतरी केले पाहिजे' असे ठरले. विद्यार्थी का कमी झाले, हे आम्हांला ठाऊक होते. निवृत्तांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या होत्या, वेळापत्रक अडचणीचे होते, मुले दुसरीकडे वळत होती. आम्ही त्यांतले एकही कारण बोललो नाही. आम्ही त्याची स्तुती केली. तो फार चांगले शिकवतो, असे दोघांनीही सांगितले; आणि पुढील वर्षी तासिकांची आवश्यकता नसल्याच्या टिपणावर सही केली. आमच्यापैकी एकाने स्वतः नऊ वर्षे तासिका तत्त्वावर काढली आहेत. तास घेतला तर पैसे. दिवाळी आणि उन्हाळा म्हणजे मोठाच खाडा.

त्याला सांगायला आम्ही दोघेही गेलो. त्याने ऐकून घेतले. ग्रंथालयाची 'धिस स्पोर्टिंग लाइफ' ची प्रत पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ''मॅडम, नोंदीत 'परस्पर संमतीने' असे लिहा.'' तो हसत होता. आम्हांला हसता आले नाही.

काढलेल्या प्रशिक्षकाच्या मागे निदान करार असतो. उरलेल्या मुदतीचा हिशेब मागता येतो. तासिकेच्या माणसाला मागण्यासारखे काही उरत नाही.

या जूनमध्ये वेळापत्रक लावताना त्याचे तास आम्ही दोघांनी वाटून घेतले. वर्गातली मुले गेल्या वर्षीइतकीच आहेत. निकालही तेवढाच लागला आहे.