मालदीवमध्ये शुक्रवारी बोट नसते

मालदीव म्हटले की पाण्यावरच्या लाकडी खोल्या आणि लाखांतला खर्च डोळ्यांसमोर येतो. पगारावर चालणाऱ्या आमच्यासारख्या घराला ते कसे परवडणार? पण 2009 नंतर तिथल्या वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस चालवायची मुभा मिळाली आणि साध्या प्रवाशालाही वाट मोकळी झाली. घरात एकच अट ठरली: उमराहसाठी साठवलेल्या पैशांना हात लावायचा नाही. अम्मी, आम्ही दोघे आणि आमची मुलगी असे चौघे मुंबईहून निघालो.

विमानतळ एका वेगळ्या बेटावर आहे. तिथून 2018 साली झालेल्या पुलावरून बसने राजधानी माले गाठली. पहिली ओढ होती ती जुन्या जुमा मशिदीची. 1658 साली बांधलेली ही मशीद प्रवाळाच्या दगडांची आहे. समुद्रातून काढलेले प्रवाळ ओले असताना कापायचे, वाळवायचे आणि एकमेकांत खाचा बसवून रचायचे, अशी ती कारागिरी. इमारतीचा पाया किब्ल्याच्या दिशेला नाही, म्हणून आत नमाजाच्या सफा तिरक्या असतात. त्या तिरक्या सफेत उभे राहून आम्ही दोन रकात पढलो. लोकांनी 1153 साली इस्लाम स्वीकारलेला हा देश. इब्न बतूता इथे आला आणि काही महिने काझीही होता.

मालेहून माफुशी बेटाला सरकारी बोट दीड तासात जाते. भाडे माणशी दोन-तीन डॉलर. बोटीत भाजीच्या पिशव्या, तांदळाची पोती आणि घरी परतणाऱ्या बायका. कोकणातल्या तरीत बसल्यासारखे वाटले.

बेटावर खाण्याची चिंता नव्हती. दारू नाही, आणि हलाल का, असे कुठे विचारावे लागत नाही. सकाळी मस हुनी मिळते: ट्यूना म्हणजे आपला कुपा, खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू एकत्र कालवलेले, सोबत रोशी नावाची चपाती. अम्मी म्हणाली, "ही तर आपल्याच घरची न्याहारी." कांदा-बटाटा बाहेरून बोटीने येतो, पिण्याचे गोडे पाणीही समुद्राचे खारे पाणी शुद्ध करून करतात. 2014 साली मालेतला असा प्रकल्प आगीत बिघडला, तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोहोचवले होते. हे कळल्यावर नळ सोडून दात घासायची आमची सवय आपोआप सुटली.

चूक झाली ती आमचीच. स्वस्त मिळाले म्हणून परतीचे तिकीट शुक्रवार संध्याकाळचे काढले होते. गुरुवारी रात्री धक्क्यावर बोटीची वेळ विचारली, तर माणसाने हसून मान हलवली. शुक्रवारी बोट नसते. उरली स्पीडबोट, माणशी वीस-पंचवीस डॉलर. चौघांचे मिळून मुलीला बोटीतून प्रवाळ दाखवायला राखून ठेवलेले सगळे पैसे. उमराहच्या पैशांतून काढावे का, असे क्षणभर मनात आले. काढले नाहीत. मुलगी रुसून झोपली.

आम्ही बोटवाल्यांवर चरफडत होतो. अम्मी म्हणाली, "जुम्याच्या वेळी तुझे अब्बा दुकान उघडे ठेवायचे का? मग यांनी बोट का चालवायची?" आम्ही गप्प.

सकाळी गेस्टहाऊसच्या मालकाने मुलीला पाण्यात पाहायचा चष्मा दिला. किनाऱ्यापासून कमरेएवढ्या पाण्यात तिने पट्ट्यापट्ट्यांचे मासे पाहिले आणि तासभर बाहेर यायलाच तयार नव्हती. दुपारी दुकानांची दारे लागली, रस्ते पांढऱ्या टोप्यांनी भरले. खुतबा धिवेही भाषेतला, कळल्या त्या फक्त आयती. नमाज झाल्यावर स्पीडबोट सुटली.

तुम्ही गेलात तर एवढे करा: आधी बोटींचे दिवस पाहा, मग विमानाचे तिकीट काढा. गावातल्या रस्त्यांवर अंग झाकणारे कपडे घाला. आणि शुक्रवार त्या लोकांसारखा बेटावरच काढा. त्या दिवसाला खर्च काहीच नाही.